मोटारसायकलच्या दिव्याची वाटचाल

अंधाऱ्या रस्त्यानें जाणाऱ्या माणसाला दिवा दोन कामांसाठीं लागतो. पुढची वाट त्याला दिसावी हें एक, आणि तो स्वतः इतरांना दिसावा हें दुसरें. बैलगाडीखालीं टांगलेला कंदील बहुतेक दुसऱ्याच कामाचा असे. बैलांना वाट ठाऊक असे, चाल मंद असे, आणि गाडीवानाचा डोळा लागला तरी गाडी गांवीं पोंचत असे. माणूस यंत्राच्या वाहनावर बसला आणि हा जुना हिशेब मोडला. यंत्राला वाट ठाऊक नसते. ती दाखवावी लागते, आणि तीही वेगाच्या मानानें पुष्कळ आधीं. त्यासाठीं दिवा प्रखर करावा, तर तो समोरून येणाराचे डोळे दिपवितो. म्हणून दिव्याच्या माथीं तिसरें काम आलें. स्वाराला वाट दिसावी, स्वार इतरांना दिसावा, आणि स्वारामुळें इतरांना दिसेनासें होऊं नये, अशा या तीन अटी होत.

मोटारसायकलच्या दिव्याचा इतिहास म्हणजे या तीन अटींचा मेळ घालण्याच्या सवाशें वर्षांच्या खटपटीचा इतिहास आहे. मोटारगाडीच्या मानानें येथें अडचणी अधिक. दिवा बहुधा एकच, वीज निर्माण करणारें इंजिन लहान, हादरे पुष्कळ, वळणावर वाहन कलतें आणि त्याबरोबर दिव्याचा झोतही कलतो. शिवाय स्वाराभोंवतीं पोलादी कवच नाहीं. खड्डा उशिरां दिसला तर मोटारगाडीच्या कमानी मोडतात. मोटारसायकलवर तोच खड्डा माणसाच्या जिवावर बेततो.

प्रथम अंतराचा हिशेब पाहणें इष्ट. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत सुमारें ११ मीटर पुढें जातें. अडथळा डोळ्यांना दिसून हातानें ब्रेक आवळला जाईपर्यंत दीड सेकंद गेला असें धरलें, तर तेवढ्यांत १७ मीटर रस्ता मागें पडतो; आणि कोरड्या, बऱ्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबावयास आणखी सुमारें १२ मीटर लागतात. एकूण २९ मीटर झाले. वेग ताशीं ६० किलोमीटर झाला कीं हेंच अंतर सुमारें ५३ मीटर होतें, आणि ८० झाला कीं ८३ मीटरांच्या आसपास जातें. वेग दुप्पट झाला, तर अंतर जवळजवळ तिप्पट झालें. कारण ब्रेक लागल्यानंतरचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. उजेडाचा नियम याच्या उलट दिशेचा आहे. अंतर दुप्पट झालें कीं वस्तूवर पडणारा उजेड चौथाई उरतो, तिप्पट झालें कीं नवमांश. म्हणजे वेग वाढूं लागला कीं एका बाजूनें गरज वाढते आणि दुसऱ्या बाजूनें पुरवठा घटतो. ज्या स्वाराचें थांबण्याचें अंतर त्याच्या दिव्याच्या पल्ल्याहून अधिक आहे, तो दिवा असूनही अंधारांतच चालला आहे.

गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञांनीं १८८५ सालीं लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें इंजिन बसविलें. तें यंत्र प्रयोगापुरतेंच होतें. म्यूनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्यूलर यांच्या कारखान्यानें १८९४ पासून मोटारसायकली विक्रीसाठीं तयार करण्यास आरंभ केला. या नव्या वाहनासाठीं स्वतंत्र दिवा कोणीं घडविला नव्हता. पायगाडीचा दिवाच त्याच्या वांट्यास आला. इंग्लंडमध्यें बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस यांनीं १८८० च्या सुमारास पायगाडीसाठीं तेलाचा दिवा काढला होता, आणि त्याला ‘रस्त्याचा राजा’ अशा अर्थाचें भारदस्त नांव दिलें होतें. वातीच्या त्या दिव्याचा उजेड पुढच्या चाकापलीकडे थोड्याच अंतरावर विरून जाई. पायांनीं चालविलेल्या गाडीला तो पुरे. इंजिनाच्या गाडीला तो पुरणें शक्यच नव्हतें.

ही उणीव रसायनशास्त्रानें भरून काढली. ॲसिटिलीन नांवाचा जळाऊ वायु एडमंड डेव्ही यानें १८३६ सालीं शोधला होता. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलें कीं हाच वायु निघतो, हें १८६२ सालीं फ्रीडरिख व्होलर यानें दाखविलें. पण कार्बाइड स्वस्त नव्हतें, म्हणून ही गोष्ट प्रयोगशाळेंतच राहिली. १८९२ सालीं अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना प्रांतांत टॉमस विल्सन हा विजेच्या भट्टींत चुनकळी आणि कोळसा यांचें मिश्रण तापवीत होता. त्याला हवें होतें अल्युमिनियम स्वस्तांत काढण्याचें साधन. हातीं आलें तें कार्बाइड. फ्रान्समध्यें आंरी म्वासाँ यालाही त्याच सुमारास विजेच्या भट्टींत हा पदार्थ मिळाला. थोड्याच वर्षांत कार्बाइड डब्यांतून विकलें जाऊं लागलें, आणि पायगाड्या, मोटारी व मोटारसायकली यांवर ॲसिटिलीनचे दिवे चढले.

या दिव्याची रचना साधी होती. वरच्या कप्प्यांत पाणी, खालच्या कप्प्यांत कार्बाइडचे खडे, आणि दोहोंमध्यें एक बारीक झडप. मळसूत्र फिरवून झडप किंचित् उघडली कीं थेंबथेंब पाणी खालीं पडे, वायु निघे, आणि रबरी नळीनें तो ज्योतीच्या तोटीपर्यंत जाई. तोटीला समोरासमोर दोन भोंकें असत. त्यांतून निघणाऱ्या दोन धारा एकमेकींवर आदळून चपटी, पांढरी शुभ्र ज्योत तयार होई. मागें चकचकीत परावर्तक असे. तेलाच्या दिव्यापुढें हा उजेड दिवसासारखा वाटे. मात्र त्याची सेवा कष्टाची होती. पाणी अधिक पडलें तर ज्योत भडके, कमी पडलें तर मरगळे. झडप बंद केली तरी ओलें झालेलें कार्बाइड कांहीं वेळ वायु सोडीतच राही, म्हणून मुक्कामाच्या आधींच पाणी तोडण्याचा अंदाज ठेवावा लागे. थंड देशांत पाणी गोठे. तोटीचीं भोंकें काजळीनें बुजत, आणि रोज सकाळीं डब्यांतला चुन्याचा रबडा खरवडून काढावा लागे. तो उग्र दर्प ज्यांनीं जत्रेंतल्या पालांतून एकदां घेतला, त्यांस त्याची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. कारण आपल्याकडे मिठाईच्या आणि खेळण्यांच्या दुकानांत हाच दिवा पुष्कळ वर्षें जळत होता.

वायु दिव्यांतच तयार करण्याऐवजीं तो आधींच भरून ठेवतां येईल काय, हा पुढचा विचार. ॲसिटिलीन नुसता दाबून भरला तर त्याचा स्फोट होतो. सच्छिद्र पदार्थानें भरलेल्या नळकांड्यांत ॲसिटोन ओतून त्यांत वायु विरघळविला तर मात्र तो शांत राहतो. अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें १९०४ सालीं स्थापन झालेल्या ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ कंपनीनें अशीं नळकांडीं मोटारी व मोटारसायकली यांच्यासाठीं विकलीं. रिकामें नळकांडें दुकानांत द्यावें आणि भरलेलें घ्यावें, अशी सोय होती. याच वायूनें समुद्रावरचे दीपस्तंभ आपोआप पेटविण्या-विझविण्याची युक्ति स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यानें काढली. १९१२ सालीं एका प्रयोगांत झालेल्या स्फोटानें त्याची दृष्टि गेली, आणि त्याच वर्षीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. दुसऱ्यांची वाट उजळण्याच्या कामीं माणसानें काय मोल दिलें आहे, याची ही एक खूण होय.

विजेचा दिवा तोंपर्यंत घरोघरीं पोंचूं लागला होता. मग मोटारसायकलवर यावयास त्याला उशीर कां लागला? कारण दोन. आरंभींच्या बल्बांतील कोळशाची तार नाजूक असे आणि रस्त्यावरचे हादरे तिला सोसत नसत. आणि दुसरें, वीज आणावयाची कोठून? पहिली अडचण टंगस्टन धातूनें दूर झाली. विल्यम कूलिज यानें १९१० च्या सुमारास या ठिसूळ धातूची चिवट तार ओढण्याची रीत काढली, आणि १९१३ सालीं अर्व्हिंग लँगम्यूर यानें बल्बांत निर्वाताऐवजीं निष्क्रिय वायु भरून तारेचें आयुष्य व तेज दोन्ही वाढविलीं. दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणून बॉश कंपनीनें १९१३ सालीं दिवा, विद्युत्-जनित्र, बॅटरी आणि नियंत्रक असा सर्व संच मोटारींसाठीं बाजारांत आणला. १९१४ सालीं अमेरिकेंतील ‘इंडियन’ कंपनीनें विजेचे दिवे आणि विजेनेंच सुरू होणारें इंजिन असलेली मोटारसायकल काढली. ती काळाच्या पुढें होती. पण तिच्या बॅटऱ्यांना हा भार पेलवेना, आणि एका वर्षांतच ती मागें घ्यावी लागली. १९१५ पासून हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींवर विजेचे दिवे मिळूं लागले. इंग्लंडमध्यें ठिणगी देणारें मॅग्नेटो आणि वीज देणारा डायनामो एकत्र जोडलेलें ल्यूकस कंपनीचें ‘मॅगडायनो’ पुढें रूढ झालें. कार्बाइडचा डबा हळूहळू अडगळींत गेला.

वीज सहा व्होल्टची, आणि बल्ब २४ किंवा ३० वॅटचा. उजेड फार नव्हता. पण तो बटण दाबतांच येत होता, वाऱ्यानें विझत नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्याला आकार देतां येत होता. अन्वस्ताच्या आकाराच्या परावर्तकांत नाभीच्या ठिकाणीं दिव्याची तार ठेवली तर सर्व किरण समांतर होऊन लांब जातात, हें भूमितीचें जुनें ज्ञान. पण लांब गेलेला हा झोत समोरच्या स्वाराच्या डोळ्यांत शिरतो. यावर ऑसराम कंपनीनें १९२४-२५ च्या सुमारास ‘बायलक्स’ नांवाचा बल्ब काढला. त्यांत तारा दोन होत्या. एक नाभीवर, दूरच्या झोतासाठीं. दुसरी नाभीच्या किंचित् पुढें, आणि तिच्याखालीं धातूची लहानशी वाटी. या वाटीमुळें खालीं जाणारे किरण अडत. वर गेलेले किरण परावर्तकाच्या वरच्या भागावर आदळून रस्त्याकडे खालीं वळत. हाताशीं असलेली कळ फिरवली कीं एक तार विझे, दुसरी पेटे. ज्याला आज आपल्याकडे ‘डिपर’ म्हणतात त्याचें मूळ या चिमुकल्या वाटींत आहे. समोरच्याच्या डोळ्यांची कदर करणारी ही पहिली परिणामकारक युक्ति म्हणावी लागेल.

फ्रान्सनें निराळा मार्ग धरला. १९३६ च्या कायद्यानें तेथें वाहनांना पिवळ्या उजेडाचे दिवे सक्तीचे झाले, आणि ही सक्ति १९९३ पर्यंत टिकली. पिवळा रंग डोळ्यांना सौम्य वाटतो खरा. पण कांच पिवळी केल्यानें एकूण उजेडही कमी होतो, म्हणून इतर देशांनीं तें अनुकरण केलें नाहीं. १९५७ सालीं युरोपांत असमान झोताची पद्धति आली. जवळचा झोत समोरच्या वाहनाच्या बाजूला खालीं कापलेला, आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला किंचित् वर चढलेला. त्यामुळें कडेनें चालणारा माणूस, मैलाचा दगड वा वळणाची खूण लवकर दिसते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात. उजव्या बाजूनें चालणाऱ्या देशासाठीं केलेला दिवा येथें बसविला, तर तो नेमका समोरून येणाराच्या डोळ्यांवर चढतो.

दिव्याचें मोल युद्धानें सर्वांत कठोरपणें शिकविलें. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्यें काळोखाचा अंमल सुरू झाला. रस्त्यावरचे दिवे विझले, आणि वाहनांच्या दिव्यांवर चिरा असलेलीं झांकणें आलीं. विमानांतून दिसूं नये एवढाच उजेड रस्त्यावर उरला. १९४० च्या फेब्रुवारींत रात्रींच्या वेळीं वस्तींत ताशीं २० मैलांची वेगमर्यादा घालावी लागली. तरीही १९४१ सालीं ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसें मेलीं; इतका मोठा वार्षिक आंकडा त्या देशांत पुढें कधींही झाला नाहीं. निरोप घेऊन रात्रंदिवस धांवणारे लष्करी मोटारसायकलस्वार यांत विशेष सांपडले. ऑक्सफर्डचे मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत, युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांचे मागें बसलेले सोबती मृत्यु पावल्याचें नमूद आहे. केर्न्स यांना या विषयाचा ध्यास लागला तो १९३५ सालीं टी. ई. लॉरेन्स यांच्या मृत्युशय्येजवळ. तो अपघात दिवसाउजेडीं झाला होता आणि मृत्यूचें कारण डोक्याची इजा हें होतें. केर्न्स यांच्या आग्रहाचें फळ म्हणून नोव्हेंबर १९४१ मध्यें ब्रिटिश लष्करानें आपल्या मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचें केलें. पर्सी शॉ यांनीं १९३४ सालीं पेटंट घेतलेल्या ‘मांजराच्या डोळ्यां’चें, म्हणजे रस्त्याच्या मध्यावर बसविलेल्या चमकत्या कांचांचें, महत्त्व याच काळोखांत पटलें. वाहनाचा उजेड कितीही मंद असो, तो आल्या वाटेनें परत धाडणारी ही वस्तु स्वतः तेल वा वीज कांहींच मागत नाहीं.

स्वतंत्र भारतांत १९५५ सालीं मद्रासेस एनफील्ड कंपनी निघाली आणि बुलेट मोटारसायकल येथें तयार होऊं लागली. तिच्या दिव्याभोंवतीं धातूचें जें घडीव शीर्ष असे, त्यांत मोठ्या दिव्याच्या दोहों बाजूंस दोन लहान दिवे बसविलेले असत. लोक त्यांना वाघाचे डोळे म्हणत. पुढें म्हैसुरास जावा, फरीदाबादेस राजदूत, पुण्याजवळ आकुर्डीस स्कूटरी तयार होऊं लागल्या, आणि मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या दारांत इंजिनाची दुचाकी आली. यांपैकीं पुष्कळ वाहनांत दिव्याला बॅटरीची वीज मिळत नसे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चक्राजवळच्या वेटोळ्यांतून ती परस्पर येई. इंजिन जोरांत असलें कीं दिवा लखलखे. वेग कमी केला कीं मंदावे. म्हणजे खड्ड्यांचा रस्ता, घाटाचें वळण, गांवांतली अरुंद गल्ली, जेथें सावकाश जावें आणि नीट पाहावें, तेथेंच उजेड पाठ फिरवी. क्लच दाबून उगीचच इंजिन गुरगुरवीत खड्डा पाहणारा स्कूटरस्वार ज्यानें पाहिला नाहीं असा गृहस्थ त्या पिढींत विरळा. एका वेळीं दोन माणसें, मध्यें एक मूल, आणि पुढें कंदिलाएवढा उजेड, अशा स्थितींत कित्येक कुटुंबांनीं लग्नकार्यांहून रात्रींचे परतीचे प्रवास केले आहेत.

त्याच काळांत दिपविण्यावर एक देशी उपाय रूढ होता. दिव्याच्या कांचेच्या मध्यावर काळा ठिपका काढीत, किंवा वरची अर्धी कांच काळी रंगवीत. हेतु चांगला, पण त्यानें झोताला शिस्त लागत नसे, उजेड मात्र वायां जाई. खरा उपाय परावर्तक, भिंग आणि बल्बाची जागा यांत आहे. वाहनांच्या अशा भागांची शास्त्रीय परीक्षा करणारी संस्था १९६६ सालीं पुण्यांत स्थापन झाली. ती भारतीय मोटारवाहन संशोधन संस्था. दिव्याचा झोत कोठें किती पडावा, याचें मोजमाप येथें होतें.

सहा व्होल्टच्या जागीं बारा व्होल्ट आले, यामागेंही हिशेब आहे. तेवढ्याच वॅटसाठीं व्होल्ट दुप्पट केले तर प्रवाह निम्मा पुरतो, आणि तारेंत वायां जाणारी शक्ति चौथाई होते. बल्बाचा स्वभाव असा आहे कीं त्याला मिळणारे व्होल्ट दहा टक्के घटले, तर उजेड सुमारें तीस टक्के घटतो. म्हणून गंजलेला सांधा, बारीक तार, ढिला स्क्रू यांनीं चांगला दिवाही आंधळा होतो. दिवा मंद वाटला कीं मोठा बल्ब घेण्याची घाई होते. वास्तविक पुष्कळदां दोष तारेंत असतो. जाणता कारागीर आधीं बल्बाच्या टोकाशीं व्होल्ट मोजतो, आणि बॅटरीपासून रिलेच्या द्वारें जाड तार आणून देतो. तोच जुना बल्ब मग पुन्हां उजळतो.

बल्बांतली पुढची मोठी सुधारणा हॅलोजनची. तापलेल्या तारेंतून टंगस्टनचे कण उडून कांचेवर बसतात. त्यामुळें कांच काळवंडते आणि तार झिजते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनींत १९५९ सालीं सिद्ध झालेल्या बल्बांत आयोडिनसारखा हॅलोजन वायु थोडासा भरला होता. हा वायु उडालेल्या टंगस्टनला पकडून पुन्हां तारेजवळ आणून सोडतो. कांच स्वच्छ राहते, आणि तार अधिक तापवितां येते. युरोपांत १९६२ सालीं वाहनांसाठीं एक तारेचा ‘एच-१’, आणि १९७१ सालीं दोन तारांचा ‘एच-४’ बल्ब आला. ६०/५५ वॅटचा एच-४ आजही मोठ्या मोटारसायकलींवर दिसतो. लहान मोटारसायकलींसाठीं ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब आला.

याच सुमारास दिव्याच्या दुसऱ्या कामाकडे, म्हणजे स्वार इतरांना दिसण्याकडे, शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें. अमेरिकेंत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनीं सुमारें ९०० मोटारसायकल-अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ सालीं अहवाल दिला. मोटारगाडी आडवी आली अशा अपघातांत, मोटारसायकल दिसलीच नाहीं, असेंच गाडीवाल्यांचें म्हणणें पुनःपुन्हां आढळलें. आणि दिवसाही पुढचा दिवा चालू ठेवणारे स्वार अपघातांत कमी सांपडत, हेंही दिसून आलें. मलेशियानें १९९२ सालीं दिवसा दिवा लावणें मोटारसायकलींना सक्तीचें केलें, आणि न दिसल्यामुळें होणारे अपघात तेथें सुमारें २९ टक्के घटल्याचें संशोधकांनीं मांडलें. भारतांत १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागण्याची सक्ति झाली. आरंभीं भर दुपारीं दिवा लागलेला पाहून रस्त्यांत भले लोक हातानें खुणा करून सावध करीत. खुणा करणाराला तें वाहन दिसलें होतें. त्या दिव्याचें कामही तेवढेंच होतें.

आतां काळ आहे प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकांचा, ज्यांस सर्वत्र एलईडी म्हणतात. पांढरा उजेड मिळावयास निळा एलईडी हवा होता. तो साधणाऱ्या आकासाकी, अमानो व नाकामुरा या जपानांत जन्मलेल्या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या दिव्यांत तुटणारी तार नाहीं, विजेची भूक थोडी, आणि बॅटरीवर नियंत्रकाच्या द्वारें चालत असल्यानें इंजिन मंदावलें तरी उजेड मंदावत नाहीं. स्कूटरस्वाराचें तें जुनें गुरगुरणें येथें संपलें. कलण्याचा प्रश्नही सुटूं लागला. मोटारसायकल वळणावर कलली कीं झोताची आडवी रेघ तिच्याबरोबर तिरपी होते, आणि ज्या बाजूस वळावयाचें तीच बाजू अंधारांत जाते. बीएमडब्ल्यूच्या ‘के १६००’ या गाडींत २०११ च्या सुमारास कलानुसार फिरणारा आरसा दिव्यांत आला. केटीएमच्या एका मोठ्या गाडींत २०१५ पासून, जसजसें कलावें तसतसे बाजूचे दिवे क्रमानें पेटूं लागले. ही सोय अद्याप महाग वाहनांपुरती असली, तरी घाटांतल्या स्वाराला तिचें मोल कळतें.

इतकें झालें, तरी तिसरी अट मागें पडूं लागली आहे. हॅलोजनसाठीं घडविलेल्या परावर्तकांत बाजारांतला एलईडी बल्ब कोंबला, तर प्रकाशाचें उगमस्थान नाभीवरून हलतें. मग झोत कापलेला राहत नाहीं, चोहींकडे विस्कटतो. पुढच्या लोखंडी संरक्षक दांड्यावर दोन प्रखर दिवे लावून ते सदैव पेटते ठेवण्याची हौसही वाढली आहे. स्वाराला वाटतें, उजेड वाढला. पण डोळ्याचें शास्त्र निराळें सांगतें. अंधाराला डोळा पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि तो सराव एका क्षणाच्या लखलखाटानें मोडतो. दिपलेला डोळा सावरावयास तीन सेकंद जरी लागले, तरी ताशीं ६० किलोमीटर वेगानें तो स्वार ५० मीटर रस्ता न पाहतां तोडतो. वय झालेल्या माणसाला तर याहून अधिक वेळ लागतो. आणि असा आंधळा झालेला स्वार कोणाच्या अंगावर येतो? बहुधा ज्यानें त्याला दिपविलें त्याच्याच.

सुरक्षितपणा हवा असेल तर साधे उपाय पुष्कळ आहेत. सपाट जागीं गाडी सरळ उभी करून, नेहमींच्या ओझ्यासह, दहा मीटरांवरच्या भिंतीवर जवळचा झोत पाहावा. त्याची वरची कड दिव्याच्या उंचीहून सुमारें दहा सेंटिमीटर खालीं असावी. मागें माणूस बसला कीं गाडीचें पुढचें अंग वर उचलतें आणि झोतही चढतो, म्हणून ही परीक्षा मागें कोणी बसवूनच घ्यावी. काळवंडलेला परावर्तक बदलावा, दिव्याची कांच पुसावी, शिरस्त्राणाची चरे पडलेली कांच टाकून द्यावी. कारण त्या चऱ्यांवर समोरचा प्रत्येक दिवा फुटून शंभर दिवे होतात. समोरून वाहन येतांच आपण आधीं झोत खालीं करावा, आणि नजर त्याच्या दिव्यावर न ठेवतां रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी. आणि वेग आपल्या उजेडाच्या आंत ठेवावा. हा शेवटचा उपाय बिनखर्चाचा असून सर्वांत कमी केला जातो.

उसाच्या हंगामांत कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर कारखान्याच्या वाटेनें बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. त्यांच्या मागें लाल परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा निघतात. ती पट्टी स्वतः जळत नाहीं. मागून येणाऱ्याचा दिवा तिच्यावर पडला तरच ती बोलते. गाडीवानानें पट्टी लावावयाची, स्वारानें दिवा नीट ठेवावयाचा, आणि दोघांनीं मिळून एक अपघात टाळावयाचा. बैलगाडीखालच्या कंदिलापासून निघालेली ही वाट फिरून त्याच बैलगाडीपाशीं येते. फरक इतकाच कीं, कंदिलाला तेल गाडीवानच घालीत असे. पट्टीचा उजेड मात्र मागून येणाऱ्या परक्या माणसाकडून यावयाचा असतो.